राजवाड्यांच्या प्रसिद्धी सचिवांस खुले पत्र

मा. प्रसिद्धी सचिव,
लंडन, माद्रिद, हेग, ब्रसेल्स आणि ऑस्लो येथील राजवाडे

स. न. वि. वि.

राजेराण्यांना पत्रं पुष्कळ जातात आणि उत्तरादाखल कार्यालयातून छापील आभारपत्र येतं. म्हणून तो हेलपाटा वाचवून हे पत्र थेट तुम्हालाच लिहितो आहे. आम्ही तुमची प्रजा नाही, तुमचा खर्चही आमच्या करातून भागत नाही. पण राजपुत्राचं बारसं असो, लग्न असो की सज्जात उभं राहून हात हलवणं असो, तुम्ही निवडलेला फोटो आणि तुम्ही लिहिलेली ओळ आमच्या मोबाइलवर तासाभरात हजर असते. तुमचा माल इतक्या लांबवर खपतो, तर त्याबद्दल चार शब्द ऐकून घ्यायला हरकत नसावी.

आधी एक स्पष्ट करतो. कुणाचा संसार मोडला, कुणाचं दुसरीकडे मन गुंतलं, भावाभावांचं बोलणं बंद झालं, याबद्दल माझी तक्रार नाही. हे सगळीकडे होतं आणि राजघराण्यात जन्मल्यामुळे ते टळत नाही. तक्रार आहे ती या माणसांचं पद तुम्ही त्यांच्या घरगुती सद्गुणांच्या खुंटीला टांगलंत, याची. खुंटी निखळली की पदही खाली येतं, आणि मग तुम्ही म्हणता, ‘हा खासगी प्रश्न आहे.’

ही खुंटी तुम्ही ठोकलेली नाही, जुनी आहे. पत्रकार वॉल्टर बॅजट यांनी ब्रिटिश राज्यघटनेवर लिहिताना १८६७ मध्येच सांगून ठेवलं की सिंहासनावर एक कुटुंब बसलेलं असणं ही लोकांना भावणारी गोष्ट आहे. मंत्रिमंडळापेक्षा लग्न त्यांना लवकर समजतं. दाखला त्यांनी दिला तो प्रिन्स ऑफ वेल्सच्या लग्नाचा. गंमत अशी की तोच नवरदेव, पुढचा सातवा एडवर्ड, तीन वर्षांनी म्हणजे १८७० मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून परस्त्रीशी संबंध नसल्याचं शपथेवर सांगत होता. १८९१ मध्ये पत्त्यांच्या डावातल्या लबाडीच्या खटल्यात पुन्हा साक्षीला. कुटुंबाचा दाखला द्यायला बॅजट यांना नेमका हाच गृहस्थ सापडावा!

तुमच्या पूर्वसुरींचं धोरण बराच काळ झाकली मूठ सव्वा लाखाची, असं होतं. आठव्या एडवर्डच्या वेळी ते अगदी टोकाला गेलं. १९३६ मध्ये राजा आणि त्याची घटस्फोटित अमेरिकन प्रेयसी वॉलिस सिम्प्सन यांच्याविषयी अमेरिकन वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने रकाने भरत होती. ब्रिटनमध्ये मालकांनी आपापसात ठरवून मौन पाळलं होतं आणि बाहेरून येणाऱ्या मासिकांची पानं कापून ती विकली जात होती. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपांनी भाषणात राजाच्या धर्माचरणाविषयी नाराजीचं एक वाक्य उच्चारलं. आपल्या मनात सिम्प्सन प्रकरण नव्हतंच, असं ते नंतर म्हणाले. पण त्या वाक्याने मूठ उघडली आणि १० डिसेंबरला राजाने पदत्यागावर सही केली. एवढं मोठं साम्राज्य, आणि त्याच्या राजाबद्दलचं सत्य पचवायला त्याच्या लोकांना जेमतेम दहा दिवस मिळाले.

मग १९६९ मध्ये बकिंगहॅमच्या मंडळींनी उलटा डाव टाकला. टेलिव्हिजनचे कॅमेरे स्वतःहून आत बोलावले. राणीचं कुटुंब जेवताना, गप्पा मारताना, प्रिन्स फिलिप उघड्यावर शेगडीपाशी मांस भाजताना ब्रिटनने घरबसल्या पाहिलं. लोकांना फार आवडलं. नंतर राजवाड्याने तो माहितीपट असा कपाटात टाकला की अनेक दशकं तो पुन्हा दाखवू दिला नाही. कपाट बंद झालं, पण दार उघडंच राहिलं. ‘आम्ही तुमच्यासारखेच’ हे एकदा दाखवल्यावर लोक उरलेलं दाखवा म्हणणारच. चार्ल्स आणि डायाना यांच्या १९८१ च्या लग्नाला तुम्ही परीकथा होऊ दिलंत, तेव्हा ती परीकथा आहे हे तुमच्यातल्या निदान काहींना ठाऊक असणार. पुढचा इतिहास सांगत बसत नाही. १९९२ मध्ये दोघं वेगळी झाली, १९९४ मध्ये नवऱ्याने टीव्हीवर विवाहबाह्य संबंधांची कबुली दिली, १९९५ मध्ये बायकोने. त्यातली दुसरी मुलाखत मिळवण्यासाठी बीबीसीच्या पत्रकाराने खोटी कागदपत्रं दाखवली होती, हे लॉर्ड डायसन यांच्या अहवालाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे तुमच्या समोरची बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. फोनमधले निरोप चोरून ऐकल्याबद्दल एका साप्ताहिकाचा राजघराण्याची बातमीदारी करणारा संपादक २००७ मध्ये तुरुंगात गेला. असल्या डोकावण्याचं समर्थन मी करणार नाही.

पण माझ्या मते शयनगृहातल्या गोष्टी या सगळ्यात दुय्यम आहेत. त्यांच्यावर इतकी शाई सांडली की खरा विसंवाद त्याखाली झाकला गेला. तो बघायचा असेल तर माद्रिदला यावं लागेल.

हुआन कार्लोस हे काही ऐरेगैरे राजे नव्हते. २३ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री बंडखोर संसदेत बंदुका घेऊन घुसलेले असताना त्यांनी लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन लोकशाहीची बाजू घेतली. ती पुण्याई त्यांना तीस वर्षं पुरली. साधा, हसरा, लोकांतला राजा अशी त्यांची प्रतिमा होती आणि स्पॅनिश पत्रकारांनी ती मनापासून जपली. डिसेंबर २०११ मध्ये जावई इन्याकी उर्दांगारिन यांच्यावर सार्वजनिक पैशांच्या अफरातफरीचा संशय आला, तेव्हा नाताळच्या भाषणात राजे म्हणाले की न्याय सर्वांना समान आहे. देशात बेकारी चोवीस टक्क्यांच्या घरात जात होती. आणि एप्रिल २०१२ मध्ये बोत्स्वानात राजे पडले, त्यांच्या कमरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रियेसाठी विमानाने माद्रिदला आणावं लागलं. तिथे ते हत्तींच्या शिकारीला गेले होते.

हाड मोडलं नसतं तर हे बाहेर आलंच नसतं. ते त्या वेळी वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या स्पेनमधल्या शाखेचे मानद अध्यक्ष होते! जुलैमध्ये संस्थेच्या सदस्यांनी मतदान करून ते पदच रद्द केलं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात कुबड्यांवर उभं राहून राजे म्हणाले, चुकलो, वाईट वाटतं, पुन्हा होणार नाही. तुमच्या व्यवसायात ही माफी नमुनेदार मानली जात असेल. थोडक्यात होती, कॅमेऱ्यासमोर होती. फक्त ती नेमकी कशाबद्दल होती ते कळलं नाही. शिकारीबद्दल, वेळ चुकल्याबद्दल की सापडल्याबद्दल?

कारण मोठी गोष्ट अजून यायची होती. २०१४ मध्ये त्यांनी गादी सोडली. पुढे उघड झालं की २००८ मध्ये, ते गादीवर असतानाच, सौदी राजाकडून दहा कोटी डॉलर एका पनामातल्या प्रतिष्ठानच्या स्विस खात्यात आले होते आणि त्या प्रतिष्ठानाचे लाभार्थी ते स्वतः होते. मार्च २०२० मध्ये मुलाने, राजे फेलिपे यांनी, वडिलांच्या वारशावर पाणी सोडलं आणि त्यांचा सरकारी भत्ता बंद केला. ऑगस्टमध्ये वडील अबू धाबीला गेले. थकलेल्या कराचे त्यांनी आधी ६ लाख ७८ हजार आणि नंतर सुमारे ४४ लाख युरो भरले. स्विस तपास २०२१ च्या डिसेंबरमध्ये थांबला, कारण त्या पैशांचा सौदी रेल्वेच्या कंत्राटाशी संबंध सिद्ध करता आला नाही. स्पेनचा तपास मार्च २०२२ मध्ये बंद झाला. काही आरोपांची मुदत उलटली होती आणि काहींना राज्यघटनेचं ५६ वं कलम आडवं आलं. राजाची व्यक्ती अस्पर्श आहे, तिला जबाबदार धरता येत नाही, असं ते कलम सांगतं. जावयाला मात्र शिक्षा झाली आणि तो २०१८ मध्ये तुरुंगात गेला. न्याय सर्वांना समान, हे वाक्य लिहून देणारा कार्यालयातला माणूस तेव्हा कुठे होता कोण जाणे.

यातलं खासगी काय आहे, मला सांगा. दहा कोटी डॉलर एखाद्या हुआन नावाच्या निवृत्त माणसाला मिळत नाहीत, ते राजाला मिळतात.

हेगच्या कार्यालयाला हे वाचताना ओळखीचं वाटलं असेल. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचे अगदी पहिले अध्यक्ष म्हणजे तुमचे प्रिन्स बेर्नहार्ड, राणी युलियाना यांचे पती. हा फंड राजघराण्यांना लाभत नाही की राजघराणी फंडाला, देव जाणे. युद्धातला वीर, कोटाच्या बटणात पांढरं फूल खोचणारा दिलदार माणूस, अशी त्यांची छबी. १९७६ मध्ये लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीकडून ११ लाख डॉलर घेतल्याच्या प्रकरणात चौकशी आयोग बसला. त्यांना सार्वजनिक पदं सोडावी लागली, गणवेश उतरवावा लागला. खटला मात्र झाला नाही. जिवंत असेपर्यंत त्यांनी इन्कार केला आणि २००४ मध्ये मृत्यूनंतर छापायची म्हणून दिलेल्या मुलाखतीत पैसे घेतल्याचं मान्य केलं. त्याहून पुढचं म्हणजे नाझी पक्षाचे आपण कधीच सदस्य नव्हतो, असं ते जन्मभर सांगत राहिले, आणि २०२३ मध्ये त्यांचं मूळ सदस्यत्वपत्र त्यांच्याच खासगी कागदपत्रांत सापडल्याचं जाहीर झालं. खोटं बोलणारा माणूस पुरावा जपून का ठेवतो, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी द्यावं. मला पडलेला प्रश्न कार्यालयाविषयी आहे. इतकी वर्षं त्या छबीला पॉलिश कोण करत होतं?

लंडनचं अलीकडचं प्रकरण तुम्हा सर्वांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. अँड्र्यू २००१ ते २०११ ब्रिटनचे व्यापार दूत होते. जगभर फिरले ते राणीचा मुलगा म्हणून. नोव्हेंबर २०१९ मध्ये खुद्द बकिंगहॅम राजवाड्यात बसून त्यांनी बीबीसीला मुलाखत दिली. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या जेफ्री एपस्टीनच्या घरी का राहिलात, या प्रश्नावर आपण फारच सभ्यपणे वागणारे आहोत, अशा अर्थाचं उत्तर दिलं. डिसेंबर २०१० नंतर संपर्क तोडल्याचंही सांगितलं. त्यानंतरच्या फेब्रुवारीतला ईमेल पुढे उजेडात आला. त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणाऱ्या व्हर्जिनिया ज्युफ्रे यांच्या दाव्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली. आरोप अँड्र्यू यांनी नेहमीच नाकारले आहेत आणि त्यावर निवाडा देणारा मी कोणी नव्हे. ३० ऑक्टोबर २०२५ ला राजे चार्ल्स यांनी भावाच्या पदव्या काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं तुम्ही जाहीर केलंत.

पण त्याच महिन्यात आणखी एक कागद बाहेर आला आणि मला तो जास्त बोलका वाटतो. विंडसरमधल्या रॉयल लॉजचा २००३ चा भाडेकरार. मुदत ७५ वर्षं. सुरुवातीला दहा लाख पौंड आणि दुरुस्तीचे ७५ लाख पौंड त्यांनी दिले, हे खरं. त्यानंतरचं वार्षिक भाडं मिरीचा एक दाणा, तोही मागितला तर! ब्रिटिश कायद्यात नाममात्र भाडं असं लिहायची जुनी पद्धत आहे, त्यात बेकायदा काही नाही. पण ही मालमत्ता क्राउन इस्टेटची, म्हणजे जिचा नफा सरकारी तिजोरीत जातो तिची. बावीस वर्षं हा करार असाच होता. बदनामी झाली नसती तर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं.

आता तुमच्या ‘खासगी’ या ढालीकडे वळतो. डची ऑफ कॉर्नवॉल ही जहागीर प्रिन्स विल्यम यांना २०२३-२४ मध्ये २ कोटी ३६ लाख पौंड देऊन गेली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश पत्रकारांनी दाखवलं की विल्यम यांची ही डची आणि राजाची डची ऑफ लँकेस्टर सरकारी आरोग्य सेवा, शाळा, तुरुंग आणि धर्मादाय संस्थांकडूनही भाडी घेत होत्या. उत्तर आलं की ही खासगी इस्टेट आहे, तिला व्यावसायिक पद्धतीनेच चालावं लागतं. बरं. मग खासगी इस्टेटीला कॉर्पोरेशन कर का लागू नाही? तिथे ती राजमुकुटाची असते. विल्यम बेघरांसाठी मोहीम चालवतात आणि ती मनापासून असेल, मला शंका नाही. पण चार्ल्स युवराज असताना आपण किती प्राप्तिकर भरतो तो आकडा छापत असत. विल्यम यांच्या कार्यालयाने तो छापणं बंद केलं. बेघरांबरोबरचे फोटो चालू आहेत.

मृत्युपत्रांचंही तसंच. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाचं मृत्युपत्र मंजूर झालं की ते कोणालाही वाचता येतं. राजघराण्याची मृत्युपत्रं १९११ पासून मोहोरबंद होऊ लागली. पहिलं होतं राणी मेरी यांचे भाऊ प्रिन्स फ्रान्सिस ऑफ टेक यांचं, आणि त्यांनी घराण्यातले पाचू एका मैत्रिणीला दिले म्हणून ते झाकलं, अशी वदंता आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रिन्स फिलिप यांचं मृत्युपत्र ९० वर्षांसाठी बंद केलं. अशा तीसहून अधिक लिफाफ्यांची तिजोरी आहे. नव्वद वर्षांनी तरी ते लोकांपुढे येईल असं समजू नका. आधी ते खासगीत उघडून पाहायचं आणि मग ठरवायचं. त्यात २०१० च्या कायद्याने राजा आणि वारसदार यांचा सरकारशी होणारा पत्रव्यवहार माहितीच्या अधिकारातून पूर्ण वगळला आहे. चार्ल्स यांनी मंत्र्यांना लिहिलेली पत्रं २०१५ मध्ये छापली गेली, ती दहा वर्षं कोर्टात लढल्यावर.

म्हणजे मुलांचे वाढदिवस आमच्यासाठी खुले आणि मंत्र्यांना पाठवलेली पत्रं बंद. उलट असायला हवं होतं, नाही का?

काय खुलं ठेवलं आणि काय झाकलं याने काय होतं, हेही थोडं सांगतो, कारण तुमच्याच वर्तुळात त्याची उदाहरणं आहेत. २००१ मध्ये लग्नाच्या काही दिवस आधी ऑस्लोत भावी युवराज्ञी मेटे-मारिट पत्रकारांसमोर बसल्या आणि आपलं तारुण्य बेताल होतं, हे डोळ्यांत पाणी आणून स्वतः बोलल्या. नॉर्वेने त्यांना आपलं म्हटलं. पुढे एपस्टीनशी ओळख असल्याचं उघड झालं तेव्हा तो मोकळेपणा पुरला नाही, कारण हा विषय तारुण्यातल्या चुकांचा नव्हता. युवराज्ञी म्हणून कोणाच्या सहवासात राहायचं याचा होता. ब्रसेल्समध्ये माजी राजे आल्बेर दुसरे यांनी आपल्या विवाहबाह्य मुलीला नाव देणं इतकं टाळलं की २०१९ मध्ये न्यायालयाला डीएनए चाचणी न दिल्यास रोज ५,००० युरोंचा दंड लावावा लागला. २०२० च्या जानेवारीत त्यांनी पितृत्व मान्य केलं. तिच्या वयाची पन्नाशी उलटली होती. इथे खासगीपणाने एका व्यक्तीचं रक्षण केलं आणि दुसरीचं आयुष्य अडवून धरलं. डच राजांनी २०२० मध्ये निर्बंधांच्या काळात ग्रीसला सुट्टीवर जाऊन परत येऊन माफी मागितली, ते प्रकरण मी किरकोळ समजतो.

आणि केट यांच्या आजारपणाचं मला खरोखर वाईट वाटलं. मार्च २०२४ मध्ये मातृदिनाचा फेरफार केलेला फोटो तुम्ही पाठवलात, वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला, आणि बारा दिवसांनी त्यांना कर्करोगाविषयी जगासमोर बोलावं लागलं. आजार ही निखळ खासगी गोष्ट होती. तो गुप्त ठेवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण दर वर्षी हसरा फोटो पुरवायची सवय तुम्ही लावली होती, त्यामुळे एका वर्षी फोटो नाही, असं म्हणायची सोय तुम्ही त्यांना ठेवली नव्हती. तुमच्या यंत्रणेचा सगळ्यात मोठा तडाखा जिचं काही चुकलं नव्हतं तिला बसला.

तेव्हा विनंती अशी. घरातलं तुमच्याकडेच राहू द्या. लग्न, बाळंतपण, दुखणं, भांडण यांची पत्रकं काढू नका. काढली नाहीत तर मागायचा हक्क आम्हाला उरत नाही. पण पदामुळे आलेला पैसा, घर, भेट, मैत्री आणि मंत्र्याला लिहिलेलं पत्र यांचा हिशेब न मागता द्या. राजे फेलिपे यांनी २०२२ च्या एप्रिलमध्ये स्वतःची मालमत्ता, सुमारे २६ लाख युरो, जाहीर केली. वडिलांच्या प्रकरणानंतर त्यांना ते करावंच लागलं असेल, पण केलं. त्यांचं सिंहासन जागच्या जागी आहे. लंडनच्या कार्यालयाने निदान विल्यम यांच्या कराचा आकडा पुढच्या वार्षिक अहवालात परत छापावा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, त्यांच्या वडिलांच्या वेळचे जुने अहवाल काढून तो रकाना कुठे होता तेवढं पाहिलं तरी पुरे.

कळावे,

आपला,
एक मराठी वाचक